ड्युटीवरच्या माणसाचं बोलावणं

आमच्या गावात दोन आवाज गाजलेले. एक माझा आणि दुसरा आयेचा. माझ्या आवाजाला वीज लागते आणि तिच्या आवाजाला लागत नाही, एवढाच काय तो फरक. पण हा फरक केवढा मोठा आहे, हे कळायला मला एका सव्वीस जानेवारीपर्यंत थांबावं लागलं.

आधी माझं सांगतो, कारण स्वतःचं आधी सांगायची मला सवय आहे. माझा साउंडचा धंदा. ॲम्प्लिफायर, कर्णे, वायरींची भेंडोळी, आणि या सगळ्यांच्या पुढे माईक हातात घेतलेला मी. अंजूरपासून दापोड्यापर्यंत एक हळद, एक बारसं, टेनिस बॉलची एक क्रिकेट स्पर्धा माझ्या तोंडाशिवाय पार पडलेली मला तरी ठाऊक नाही. राहनाळच्या मैदानात मी एकदा एका षटकाराचं असं वर्णन केलं, की चेंडू आणायला खाडीकडे धावलेली पोरं जेवायच्या वेळेला परत आली आणि चेंडू सापडला यष्टिरक्षकाच्या दोन पायांच्या मध्ये. लोक म्हणतात, मी वाढवून सांगतो. खाडीकाठचा माणूस आहे मी. आमच्याकडे मिठाशिवाय मासळीसुद्धा सुकत नाही, तर गोष्ट कशी टिकणार?

आता आये. ती माझी आई नव्हे. अख्खं गाव तिला आये म्हणायचं. ती आमची धवलारीण. ज्यांना आमच्याकडची लग्नं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या मांडवात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ही बाई पाटावर बसते, डोळे मिटते आणि गाऊन गाऊन लग्न लावते. तिला कागद लागत नाही, पोथी लागत नाही. आणि तिचं पहिलं काम म्हणजे बोलावणं. पत्रिका वाटायच्या त्या जिवंत माणसांना. देवांना आणि घरातल्या गेलेल्यांना बोलवायचं ते धवलारणीने. कार्ल्याच्या डोंगरावरची आई, वेशीवरचा देव, खाडीतला देव यांना ती आधी हाक मारते. मग त्या घराचा खापरपणजा, पणजा, आजा, चुलता, कोण झाडावरून पडून गेलेला, कोण होडीतून गेलेला, एकेकाला नाव घेऊन हाक मारते, की बाबा उठ, मांडव घातलाय, ये. ज्याला बोलावलं नाही तो रुसतो, आणि तो रुसला की भात करपतो, बँडवाला दुसऱ्याच गावात जाऊन वाजवतो आणि नवरदेवाला ऐन हळदीत कांजिण्या येतात. ही तिन्ही उदाहरणं मी स्वतः पाहिलेली आहेत. कांजिण्यांच्या वेळी तर साउंड माझाच होता.

आयेचा आवाज कसा होता? भिवंडीत लूमच्या शेडमध्ये माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी ऐकू जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तर एकदा शहरात एका नातेवाइकाकडे लग्न होतं आणि शेजारीच बारा लूमचं शेड. आयेने सूर लावला आणि थोड्या वेळाने शेडमधला एक बिहारचा कामगार बाहेर येऊन म्हणाला, "अम्मा, जरा धीरे गाओ, धागा टूट रहा है." ती हळू गायली. तेव्हा मग लूम तिच्या ठेक्यात चालायला लागले आणि त्या दिवशी विणलेल्या कापडाला म्हणे भावच वेगळा आला. भावाचं खरंखोटं मला माहीत नाही. धाग्याचं मात्र त्या कामगाराने स्वतः सांगितलेलं.

अशा या बाईने सात गावांचे मेलेले लोक वर्षानुवर्षं मांडवात आणून बसवले. स्वतःचा नवरा गेला, त्यानंतरच्या पहिल्या लग्नात तिने त्यालाही हाक मारली. आवाज कापला नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, "ये, आनि गप बस. जित्तेपनी पन कुठं मांडवात काम केलंस?" सगळा मांडव हसला. तो गेलेलाही हसला असणार.

पण तिच्या भावकीतलं लग्न असलं, की बोलावणं नवऱ्यापर्यंत यायचं आणि पुढचं नाव यायच्या आधी ती थांबायची. बाजूला तांब्या ठेवलेला असायचा. तो उचलायची, घोटभर पाणी प्यायची, पदराने तोंड पुसायची आणि सरळ पुढच्या विधीला लागायची. मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या पाण्याच्या घोटात एक नाव गिळलेलं आहे. कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

ते नाव तिच्या थोरल्या मुलाचं. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. मी तेव्हा पाटी-पेन्सिलवाला, पण मला तो आठवतो: भरतीच्या वेळी खाडी पोहून पलीकडे जायचा आणि ओला सदरा तसाच अंगात घालून शाळेच्या मास्तरांना नमस्कार करायचा. बाकी कुणाहीबद्दल मी वाटेल ते सांगेन, पण त्याच्याबद्दल वाढवून सांगायची मला कधी गरज पडली नाही. तो वाळवंटात, पुढच्या एका चौकीवर पहाऱ्याला होता. मागच्या तुकडीला निघायचं होतं आणि कुणीतरी जागेवर राहणं भाग होतं. तो राहिला. मागचे सगळे सुखरूप निघाले. त्याचं शरीर इकडे आलंच नाही. त्याची काळी ट्रंक आली. ती घेऊन दोन जवान आले होते. आयेला तेव्हा हिंदी फारसं कळायचं नाही. त्यांच्यातला एक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "माँ, वो अपनी जगह से हिला नहीं."

तेवढं वाक्य तिला समजलं. तेवढंच तिने ठेवून घेतलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. दोन हजार सालानंतर आमच्या भागाचा नूरच पालटला. जिथे गुडघाभर चिखलात भात लावला तिथे गोदामं उभी राहिली आणि ज्यांच्या पायाला चप्पल नव्हती त्यांच्या दारात गाडी आली. हातात चार पैसे आले की गावाला आधी देऊळ आठवतं, मग कमान, मग स्तंभ. देऊळ झालं, कमान झाली. तेव्हा सरपंचांच्या डोक्यात आलं की मैदानाच्या कडेला आपल्या जवानाचा स्तंभ उभारायचा आणि सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनाच्याच वेळी, त्याचं उद्घाटन करायचं. कल्पना चांगलीच होती. काळा दगड आणला, वर अक्षरं कोरली, सोनेरी रंग भरला. पत्रिका छापल्या. तालुक्यातले एक मोठे पुढारी यायला कबूल झाले. मी रिक्षावर कर्णा बांधून सात गावांत दवंडी दिली, आणि ती अशी दिली की दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने चालती गाडी थांबवून खाली उतरून टोपी काढली.

आयेला आणायचं काम माझ्याकडे. "तुझ्या तोंडाला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय," असं सरपंच म्हणाले. ते खरंच होतं. आये माझ्या आधी जन्मलेली होती, हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही.

ओट्यावर बसून ती सुका जवळा निवडत होती. आमच्या बोलीत 'ड'-'ढ'चा 'र' होतो आणि 'कशाला'चं 'कनाला', तेवढं सांभाळून ऐका.

"आये," मी म्हटलं, "परवा सकाली गारी धाडतो तुला. फुलांनी सजवलेली."

"कनाला? मी काय नवरी हाय?"

"पुरच्या सोफ्यावर बसाचा तुला. पुढाऱ्याच्या बाजूला."

"त्याच्या बाजूला त्याची बायको बसत न्हाय, आनि मना बसवतस?" तिने एक खडा वेचून फेकला. "कार्य कुनाचा हाय?"

"असा काय विचारतस? त्याचाच. दगरावर नाव घातलाय."

"मंग त्याला बोलावलास का?"

मी खिशातली पत्रिका काढली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली.

"साती गावांना सांगून आलास. भिवंडीच्या पुढाऱ्याला सांगून आलास. मना पन सांगतस. ज्याचा मांडव त्यालाच कोनी सांगितला न्हाय. असा कार्य कंदी आपल्यात झालाय का रं?"

झालं नव्हतं. विचार करा, माणसाच्या नावाने मांडव घालायचा आणि त्याला सोडून सगळ्या जगाला आवतण द्यायचं. आमच्या गावाला ही चूक कळली की अंगावर काटा येतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, मग काय झालं? मी तिथल्या तिथे सावरून घ्यायला गेलो.

"येवराच ना? मी बोलवतो त्याला. सहाच्या सहा करने उत्तरेला लावतो. असा आवाज देतो का..."

"तुजा करना दापोऱ्यापतुर जातो," आये म्हणाली. "तो दापोऱ्याला न्हाय."

मग मी ते बोललो, जे गावात कुणी बोललं नव्हतं. "मंग तूच बोलव, आये. तुज्याशिवाय कोन बोलवनार?"

तिचे हात जवळ्यावर थांबले. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याची धूळ ओट्यापर्यंत आली आणि खाली बसली. तिने सूप पदराने झाकलं.

"त्याला बोलावता येत न्हाय," ती म्हणाली. "तो ड्युटीवर हाय."

मला वाटलं, म्हातारीचं वय झालं. तिने माझ्या तोंडावरून ते ओळखलं.

"मी येरी न्हाय. तो गेला हे मना ठावं हाय, तुज्या आधीपासून. पन तो जागेवरून हालला न्हाय. त्या पोरांनी सांगितला मना. कोनी त्याला सांगितलाय का, का आता पुरं झाला, घरी जा? कोनीच न्हाय. मानूस पहाऱ्यावर उभा असला आनि आयशीनं हाक मारली, तर त्यानं काय करावा? आला तर पहारा मोरला. न्हाय आला तर आयशीची हाक मोरली. मी कनाला घालू त्याला असल्या पेचात?"

आणि ती पुन्हा जवळा निवडायला लागली.

मी तिथून उठलो. घरी कसा आलो ते मला आठवत नाही. सात गावांचा बडबड्या मी, पण एखाद्या विहिरीत वाकून बघावं आणि तळ दिसू नये, तसं मला झालं होतं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की दुःखाने ते नाव तिच्या घशात अडकतं. तसं नव्हतं. ती त्याची शिस्त सांभाळत होती. तिकडे तो एक पहारा देत होता आणि इकडे, प्रत्येक लग्नात, पाण्याच्या एका घोटाने, ही दुसरा पहारा देत होती.

सरपंचांना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. "राहनाळहून दुसरी धवलारीण आणू या का?" असंही म्हणाले. मी म्हटलं, आणा की, पण आयेच्या मुलाला आये असताना हाक मारायची हिंमत ज्या बाईत असेल तिला आधी मला दाखवा. मग ते म्हणाले, "तू काहीतरी कर. तुझं डोकं वाकडं चालतं, ते आज चालव."

माझं डोकं चाललं ते दापोड्याला. तिथल्या एका गोदामाच्या गेटवर घाटावरचे एक सुभेदार होते, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. वॉचमन लोकांवर त्यांची देखरेख. मिशी अशी, की गेट उघडं असलं तरी चालेल. मी गेलो तेव्हा शिफ्ट बदलत होती. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि माझी युक्ती पुढे ठेवली.

"सुभेदार, तुम्ही मोठ्या हुद्द्यावरचे. त्याच्या नावाची एक रजा लिहून द्या. शिक्का मी आणतो कुठूनतरी."

सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा शिक्का जागच्या जागी विरघळला.

"रजा मोठा साहेब देतो," ते म्हणाले. "त्यो माजा अधिकार न्हाई आन् तुमचा तर न्हाईच न्हाई." मग ते गेटकडे बघत राहिले. रात्रपाळीचा वॉचमन दिवसपाळीच्या माणसाच्या हातात काठी देत होता. "पर पहारा बदलायला रजा कशाला लागती? दुसरा गडी तिथं येऊन हुबा राह्यला, की पयला सुटला. एवढंच असतंय त्ये." थोड्या वेळाने म्हणाले, "एकाहत्तरला वाळवंटातनं आमी समदे मागं निघालो. म्या दुसऱ्या तुकडीत हुतो, दुसऱ्या जागी. पर आमच्यासाठी बी कुनीतरी असाच मागं राह्यला असंल. त्याचं नाव बी मला ठाव न्हाई."

सव्वीस जानेवारीला येतो, एवढं म्हणाले.

तो दिवस उजाडला. मैदानात पताका, पोरांचे पांढरे कपडे, बायकांची नऊवारी, आणि आमच्या बायकांच्या अंगावरचं सोनं असं की सूर्याला डोळे मिटून उगवावं लागलं. पुढचा सोफा रिकामा. पुढारी वाटेत, आणि आये तिच्या ओट्यावर. ओटा मैदानातून दिसायचा. ती तिथे पाठमोरी बसली होती. मी सकाळीच एक कर्णा गुपचूप तिच्या घराच्या दिशेने वळवून ठेवला होता. एवढी लबाडी माझ्या धंद्यात चालते.

पुढाऱ्यांचा पत्ता नाही म्हणून सरपंचांनी झेंडा फडकवला. राष्ट्रगीत झालं. स्तंभावरचं कापड काढलं. टाळ्या वाजल्या. आता माझं भाषण. मी रात्रभर तयार केलेलं ते भाषण ऐकून दगडालाही पाझर फुटला असता. पण मी माईक उचलायच्या आत सुभेदार पुढे आले.

निळा कोट, छातीवर पदकं, पायात आरशासारखे बूट. डावा गुडघा त्यांना त्रास द्यायचा, तो त्या दिवशी त्रास द्यायचा विसरला. ते ताडताड चालत स्तंभासमोर गेले, थांबले आणि सलाम ठोकला. या जागेपासून पुढे मी मीठ लावत नाही. लावायला जागाच नाही.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माईक द्या."

मी धरला. ते काळ्या दगडाकडे पाहून, पण पार त्याच्या पलीकडे कुठेतरी ऐकू जावं अशा आवाजात बोलले.

"जवान, तुम्हारी ड्यूटी पूरी हुई. पहरा मैं लेता हूँ. तुम घर जाओ."

मग ते वळले, स्तंभाला पाठ करून उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि दगडासारखेच स्थिर झाले.

मैदानात पोरंसोरं होती, पण एक मूल रडलं नाही. शेजारच्या गोदामात माल उतरवणारे हमाल हातातलं ओझं खाली ठेवून कंपाउंडला येऊन उभे राहिले. आणि माझ्या त्या वळवलेल्या कर्ण्यातून शब्द गेले असणार, कारण ओट्यावर आये उभी राहिलेली मला दिसली.

ती आली. फुलांची गाडी तशीच राहिली, ती पायी आली. लोक आपोआप बाजूला होत गेले. तिच्या हातात तांब्या होता, आणि पदराच्या टोकाला हळदीच्या अक्षता बांधलेल्या. त्या तिने कधी केल्या असतील? सुभेदारांचे शब्द कानावर पडायच्या आधीच ती करून बसली होती की काय, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सुभेदारांच्या पुढे ती थांबली. ते नाकासमोर बघत होते.

"किती वेल उभा ऱ्हाशील?" तिने विचारलं.

"त्यो घरला पोचंस्तवर, आई," ते म्हणाले. मान हलली नाही.

"लांब हाय रं."

"असू दे लांब. म्या हाय."

आयेने त्यांना पायापासून टोपीपर्यंत एकदा पाहिलं. बाजारात मासळी घेताना बघायची तसं, फसवणूक आहे का ते. मग तिचा खांदा जरासा खाली आला. तो खांदा आजवर वर होता, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मी माईक पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला. उत्तरेकडे, राहनाळच्या गोदामांच्या अंगाने तोंड करून ती उभी राहिली, अक्षता मुठीत घेतल्या आणि डोळे मिटले. आधी देवांना हाक मारली. मग सासऱ्याला. मग नवऱ्याला. आणि मग त्या जागी आली. डाव्या हातात तांब्या होता.

तिने नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्यात ते आता बोलावणं झालंय, उगाच घ्यायचं नसतं. पण सूर सांगतो: तो लग्नातलाच होता. रडका नव्हता, वीरांचा नव्हता, भाषणातला तर मुळीच नव्हता. अंगणातून खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारावी, इतका साधा, आणि इतका लांब जाणारा.

*"भरतीच्या पान्यान् ये, वाऱ्याच्या पाठीन् ये,*
*वालूची धूल झटक, पोरा, आवतान आलाय तुला.*
*पहारा दिलास पुरा, दुसरा उभा हाय दारी,*
*मांडव घातलाय गावानं, आता घराला चल."*

तिने अक्षता उत्तरेकडे उधळल्या. मी आयुष्यभर चमत्कारांच्या गोष्टी सांगत आलोय, त्यामुळे डोळे ताणून बघत होतो. झेंडा एकदम फडफडला नाही. कावळा आला नाही. ढग, वीज, काही नाही. जानेवारीचं नेहमीचं ऊन होतं. फक्त आये डोळे उघडून थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली, कुणीतरी चालत येतंय आणि त्याला यायला जितका वेळ लागेल तितका वेळ. मग सोफ्याजवळ गेली, कडेला सरकून बसली आणि बाजूची जागा पदराने झटकली.

नेमके तेव्हाच पुढारी पोचले. चार गाड्या, हार, नमस्कार. उशिरा आलेल्या माणसाची घाई करत ते सरळ सोफ्याकडे आले आणि त्या रिकाम्या जागेवर बसायला वाकले.

माझ्या तोंडून माईकवर निघून गेलं, "साहेब, तिथं पाहुणे बसलेत."

पुढारी वाकलेले तसेच राहिले. सोफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गावाकडे बघितलं. हसत नव्हतं कुणीच. "कोण पाहुणे?" त्यांनी विचारलं.

"माजा पोर," आये म्हणाली. "लांबून आलाय. थकलाय."

आता पुढारी लोकांबद्दल मी बरंच काही सांगत असतो, पण त्या माणसाने जे केलं ते केलं. ते सरळ झाले, गळ्यातला हार काढला, दोन्ही हातांनी त्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. कार्यक्रम संपेपर्यंत उभेच. भाषणही केलं नाही. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याने आमच्या मैदानात माईक समोर असून भाषण केलं नाही, यावर पुढच्या गावात कुणी विश्वास ठेवत नाही. माझं भाषणही तसंच खिशात राहिलं. पुढे पावसाळ्यात त्या कागदाची होडी झाली.

दुपारी जेवणं झाली. आयेने पहिलं पान घेतलं, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढून ते स्तंभापाशी ठेवलं. दुसरं पान सुभेदारांपुढे नेलं. त्यांनी नको म्हटलं. संध्याकाळी झेंडा उतरवेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. बायका आळीपाळीने त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. उन्हं उतरल्यावर आयेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोचला तो. बस आता." तेव्हा ते तिथेच मातीत बसले आणि दुपारचं पान जेवले.

त्याच उन्हाळ्यात आयेच्या नातवाचं, धाकट्या मुलाच्या पोराचं, लग्न झालं. साउंड माझाच, पण बोलावण्याच्या वेळी मी ॲम्प्लिफायर बंद केला. ती पाटावर बसली, बाजूला नेहमीसारखा तांब्या ठेवला होता. सासरा, मग नवरा, त्याला नेहमीची कोपरखळी, मग तिचा मुलगा. आवाज कुठे अडकला नाही की कुठे थांबला नाही. फक्त त्याच्या नावापुढे तिने एक शब्द जोडला, जो बाकी कुणाला ती लावत नसे: सावकाश.

लग्न लागलं, वरात गेली, मी वायरी गुंडाळायला मांडवात वाकलो. तांब्या तसाच होता. काठोकाठ भरलेला.